काळा झगा आणि सोडमुंज

'पदवीदान' हा शब्द मला नेहमीच थोडा गमतीचा वाटत आला आहे. गोदान, भूदान, अन्नदान हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. त्यात देणाऱ्याच्या पदरचे काहीतरी जाते, म्हणून त्याला दान म्हणायचे. पण येथे घेणाऱ्याने तीन-चार वर्षे फी भरायची, रात्री जागवायच्या, परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येईपर्यंत धास्ती घ्यायची आणि शेवटी जो कागद हाती पडतो त्याला म्हणायचे दान! शिवाय कितीही पदव्या वाटल्या तरी देणाऱ्याची पेटी रिती होत नाही. उत्तरेकडे याच सोहळ्याला 'दीक्षान्त' म्हणतात, म्हणजे शिक्षणाचा शेवट. इंग्रज त्याला 'कॉन्व्होकेशन' म्हणतो, म्हणजे हाक मारून एकत्र बोलावणे. अमेरिकेत मात्र त्याचे नाव 'कमेन्समेंट', म्हणजे आरंभ. प्रसंग एकच, पण कोणी त्याला दान म्हणतो, कोणी शेवट म्हणतो, कोणी आरंभ म्हणतो. यांतले खरे कोणते, याचा निवाडा इतिहासाकडून करून घ्यावा असे फार दिवस मनात होते.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे काळा झगा अंगावर चढवण्याचा योग आला नाही, आणि कादंबऱ्या लिहायला तो लागतही नाही. पण शाळामास्तर असल्यामुळे झग्याशी माझा संबंध तुटलेला नाही. दर वर्षी एखादा जुना विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी येते, झग्यातला फोटो दाखवते आणि पाया पडते. मागे उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते कोणत्याही प्रमाणपत्रावर छापता येणार नाही. हा आनंद खोटा नव्हे. म्हणूनच तो नेमका कशाचा, हे विचारावेसे वाटते.

प्रथम आपल्याच घरापासून सुरुवात करू. गुरुगृही विद्या संपली की शिष्याला निरोप देण्याचा संस्कार आपल्याकडे फार जुना आहे. त्याचे नाव समावर्तन. विद्यार्थी विधिपूर्वक स्नान करी, म्हणून तो 'स्नातक'. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात तो प्रसिद्धच आहे. खरे बोल, कर्तव्याला चुकू नकोस, शिकणे आणि शिकवणे सोडू नकोस, आईबापांना, गुरूला आणि दारी आलेल्या पाहुण्याला मान दे, अशा आशयाचा तो आहे. आणि त्याहून मोलाची एक गोष्ट तेथे आचार्य सांगतात : आमचे जे चांगले असेल तेवढेच घे, बाकीचे घेऊ नकोस. इतका नम्र निरोप पुढे किती समारंभांत कोणी दिला असेल याची मला शंकाच आहे.

हाच संस्कार महाराष्ट्रात 'सोडमुंज' या नावाने उरला. मुंजीत कमरेला बांधलेली मुंज गवताची मेखला सोडायची, दंड टाकायचा, नवी वस्त्रे नेसायची, पायांत वहाणा घालायच्या, हाती छत्री घ्यायची आणि काशीला जायला म्हणून निघायचे. मग मामाने आडवे यायचे आणि 'माझी मुलगी देतो, परत फिर' म्हणून भाच्याला मांडवात आणायचे. हसू येण्यासारखाच हा प्रकार आहे. पण त्यातली एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. येथे विद्यार्थ्याचा वेष अंगावरून उतरतो. युरोपात उलट. तेथे शिक्षण पुरे झाले की अंगावर झगा चढतो.

हा झगा आला कोठून? मध्ययुगात बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड येथे विद्यापीठे उभी राहिली तेव्हा तेथले गुरू-शिष्य बहुतेक धर्मसंस्थेच्या छायेत वावरणारे होते. पाद्र्यांसारखा पायघोळ झगा हाच त्यांचा रोजचा पोशाख. तेथल्या थंडीत तो सोयीचाही होता. आज गळ्यातून पाठीवर जो रंगीत पट्टा सोडतात, तो मूळचा डोक्यावर ओढून घ्यायचा टोप. हवामान बदलले, शतके गेली, तरी पोशाख तसाच राहिला, आणि सातासमुद्रापलीकडे येऊन मुंबईच्या उकाड्यातही माणसांना घाम फोडू लागला.

पण झग्यापेक्षा पदवीचा मूळ अर्थ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या काळी पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना होता. ज्याने विद्या पुरी केली त्याला इतरांना शिकवण्याची मोकळीक मिळे, आणि अशा माणसाला लॅटिनमध्ये 'मॅगिस्टर' म्हणत. इंग्रजीत त्याचा 'मास्टर' झाला आणि आपल्या गावात येऊन तो 'मास्तर' झाला. एम्. ए. मधला 'एम्' आणि आमच्या पाराखालच्या शाळेतला मास्तर हे सख्खे भाऊ आहेत! परीक्षा एकही न देता गावाने आम्हांला ही पदवी कधीच देऊन टाकली आहे. पण विनोद बाजूला ठेवू. पदवी म्हणजे दुसऱ्याला शिकवण्याची परवानगी, एवढा अर्थ ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

*

१८५४ साली विलायतेहून चार्ल्स वुड यांचा शिक्षणाविषयीचा प्रसिद्ध खलिता आला आणि त्याच्या आधारे १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला होता आणि सरकार इकडे विद्यापीठाची घटना मंजूर करीत होते. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठाने शिकवायचे नाही, फक्त परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. शिकवण्याचा परवाना देणारी संस्था स्वतः मात्र शिकवणार नाही, असा हा चमत्कारिक प्रारंभ होता.

सरकारचा हेतू काय होता? विद्याप्रसार हा होताच, पण कचेऱ्यांना शिकलेले, विश्वासू नोकर हवे होते हेही तितकेच खरे. इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य द्यावे असा ठराव गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी १८४४ सालीच केला होता. त्यामुळे पदवीला आपल्या मातीत पहिल्यापासूनच नोकरीचे कलम बांधले गेले. त्याची फळे आपण अजून खात आहोत.

पहिली परीक्षा कलकत्त्यात झाली. १८५८ सालच्या बी. ए. च्या त्या परीक्षेत एकही उमेदवार सरळ उत्तीर्ण झाला नाही. दोघांचे सहापैकी पाच विषय चांगले गेले होते, सहाव्यात थोडे गुण कमी पडले. विद्यापीठाने कृपा म्हणून सातपर्यंत गुण वाढवून द्यायचे ठरवले आणि दोघे पदवीधर झाले. एक जदुनाथ बोस आणि दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. ज्यांनी पुढे 'वंदे मातरम्' लिहिले, ते बंकिमबाबू वाढीव गुणांनी पास झालेले पदवीधर होते, ही गोष्ट दिवाळीच्या सुट्टीत निकालाची आठवण काढून मुलांना बोलणाऱ्या वडीलमंडळींनी अवश्य ध्यानात ठेवावी.

मुंबईला पहिले पदवीधर मिळायला १८६२ साल उजाडले. १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा झाली, शंभरावर मुले बसली आणि जेमतेम विसाच्या आसपास पास झाली. त्यांतून तीन वर्षांनी बी. ए. पर्यंत पोहोचले ते चौघे : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. फोर्टात दगडी पायऱ्यांच्या उंच चढणीवर, मोठमोठ्या खांबांच्या मागे जी टाऊन हॉलची इमारत आजही उभी आहे, तेथे पदवीदान झाले. विद्यापीठाला स्वतःची इमारत तेव्हा नव्हतीच. कुलपती होते नुकतेच आलेले गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर.

क्षणभर तो देखावा डोळ्यांसमोर आणू. निफाडला जन्मलेले, कोल्हापुरात वाढलेले रानडे त्या वेळी वीस वर्षांचे. मालवणचे भांडारकर चोवीस-पंचवीस वर्षांचे. त्यांच्या आजोबांच्या तरुणपणी पुण्यात पेशवाई नांदत होती. ४४ वर्षांपूर्वी ती बुडाली. जिंकणाऱ्यांच्या भाषेत जिंकणाऱ्यांचीच विद्या शिकून, त्यांच्याच गव्हर्नरासमोर ही मुले उभी राहिली. त्यांनी मान खाली घातली असे मात्र इतिहास सांगत नाही. विद्यार्थी असताना रानड्यांनी एका निबंधात मराठी राज्याची बाजू घेऊन इंग्रजी राज्यावर टीका केली आणि प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. त्याच ग्रँटसाहेबांनी रानड्यांची उत्तरपत्रिका नमुना म्हणून एडिंबरोला धाडली, असेही सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच गुरुशिष्यांविषयी सांगितल्या जातात, हे मला फार बोलके वाटते.

आणखी एक धागा येथे उकलण्यासारखा आहे. पेशवाईत श्रावणात पुण्यास रमणा भरे. देशोदेशीचे विद्वान ब्राह्मण जमत आणि त्यांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्यातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढे कॉलेजांतून 'दक्षिणा फेलो' नेमण्याची प्रथा पडली. रानडे आणि भांडारकर हे दोघेही असे दक्षिणा फेलो होते. रमण्यात ओंजळ पुढे करणाऱ्या शास्त्र्यांची दक्षिणा वळणे घेत घेत बी. ए. झालेल्या तरुणांपर्यंत पोहोचली. तेव्हा 'पदवीदान' या शब्दातल्या दानाला निदान मुंबई-पुण्यात काही अर्थ होता म्हणायचा!

त्या चौघांनी पुढे काय केले? वागळे वकील झाले. मोडक शिक्षक झाले आणि एल्फिन्स्टन हायस्कूलच्या मुख्याध्यापकपदापर्यंत चढले. भांडारकर सिंधमधल्या हैदराबादेस मुख्याध्यापक झाले आणि नंतर रत्नागिरीच्या हायस्कुलात, म्हणजे जेथे ते स्वतः शिकले होते त्याच गावी, मुख्याध्यापक म्हणून आले. त्यांची संस्कृतची दोन पुस्तके किती पिढ्यांनी घोकली असतील! १८९२ साली न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले. पुढच्याच वर्षी ते वारले आणि त्यांच्या जागी भांडारकर आले. टाऊन हॉलमध्ये ज्याने पहिली पदवी घेतली, तोच तीस-एकतीस वर्षांनी पदव्या देणाऱ्यांच्या बाजूला बसला. रानडे न्यायाधीश झाले आणि त्यांच्याभोवती सभा, संस्था व ग्रंथ यांचे केवढे रान उभे राहिले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. चौघेही प्रार्थना समाजाच्या कामात वावरले. पहिल्या चार पदवीधरांपैकी दोघे मुख्याध्यापक, म्हणजे मास्तर, हे वाचून माझ्यासारख्याची छाती फुगली तर वाचकांनी क्षमा करावी.

*

विद्यापीठाची इमारत कशी उभी राहिली, ही कथाही ऐकण्यासारखी आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या मुंबईच्या कापसासाठी सोन्याचा पाऊस पाडू लागल्या. शहराला शेअरांचे वेड लागले. त्या दिवसांत सर कावसजी जहांगीर यांनी पदवीदान सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. कापसाचे आणि शेअरांचे राजे प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आपल्या आईच्या नावाने मनोरा बांधण्यासाठी दोन लाख दिले. १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या किती पेढ्या बुडाल्या याची गणती राहिली नाही. प्रेमचंदशेटही त्यात सापडले. पण विद्यापीठाला दिलेले पैसे वाचले. ज्या सट्ट्याने घरे धुऊन नेली, त्यातून तेवढी दगडी इमारत उरली.

नकाशे काढले गिल्बर्ट स्कॉट या विलायती वास्तुशिल्पज्ञाने, आणि तेही हिंदुस्थानात पाऊल न टाकता. सभागृह १८७४ साली पुरे झाले. त्याच्या मोठ्या वर्तुळाकार खिडकीत रंगीत काचांतून बारा राशी काढल्या आहेत. सायबाच्या सभागृहात मेष-वृषभ-मिथुन पाहून पहिल्यावहिल्या पदवीधरांच्या आयांना आपल्या मुलाची रास शोधावीशी वाटली असती. पण तेथे येणार कोण? तेव्हा मुलीला किंवा बाईला परीक्षेची दारे उघडी नव्हती. १८७८ साली २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला. त्याचे नाव 'राजाबाई'. एका स्त्रीचे नाव मुंबईत सर्वांत उंच जागी घड्याळाचे ठोके देत राहिले, आणि त्याच्याच पायथ्याशी स्त्रीला परीक्षेला बसायला पुढची पाच वर्षे मज्जाव होता. १८८३ साली विद्यापीठाने नियम बदलले.

त्यानंतर कॉर्नेलिया सोराबजी या नाशकात जन्मलेल्या मुलीने पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. केले. मुंबई विद्यापीठाची ती पहिली महिला पदवीधर. तिच्या गुणांवर विलायतेच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती बाई म्हणून नाकारली गेली. मग लोकांनी वर्गणी करून तिला ऑक्सफर्डला पाठवले. तेथे १८९२ साली ती कायद्याची परीक्षा पास झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना परीक्षा देऊ देई, पदवी देत नसे. तो नियम १९२० साली बदलला. पास झाल्यावर जवळजवळ तीस वर्षे समारंभाची वाट पाहणाऱ्या या बाईंकडे पाहिले म्हणजे, 'कागदात काय आहे?' असे म्हणणाऱ्यांना सांगावेसे वाटते की ज्याला तो मिळाला त्यानेच असे म्हणावे!

त्याआधीच एक मराठी मुलगी समुद्रापलीकडे जाऊन पदवी घेऊन आली होती. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा 'कमेन्समेंट' समारंभ झाला आणि आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. वय एकवीसलाही काही दिवस कमी. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. सातासमुद्रापलीकडच्या त्या सभागृहात दोन मराठी स्त्रिया, एक पदवी घेणारी आणि एक तिच्या माहेरच्या जागी बसलेली! कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूकही ठरली. पण क्षयाने गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. 'आरंभ' या नावाच्या समारंभानंतर पुरते वर्षही त्यांना लाभले नाही. तरी तो आरंभ होता हे नाकारता येत नाही, कारण त्यांच्यामागून गेलेल्या मुलींची रांग अजून संपलेली नाही.

*

या सगळ्या कौतुकात एक खडा आवाज मिसळला पाहिजे, नाहीतर हिशेब अपुरा राहील. १८८२ साली सरकारने हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. सरकारचा बहुतेक वसूल येतो रयतेच्या घामातून, मग त्यातला एवढा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का? वरचे शिकले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल असे सरकार म्हणत होते. जोतीराव विचारत होते, ती झिरपली कोठे? प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती.

पदवीदानाच्या सभागृहात टाळ्या वाजत असतात तेव्हा हा प्रश्न बाहेर पायरीवर बसलेला असतो असे मला नेहमी वाटते. पदवी ही घेणाऱ्याची कमाई खरीच, पण ती कमावण्याची सवड त्याला कोणाच्या कष्टाने मिळाली? जोतीरावांचा आक्षेप विद्येवर नव्हता, विद्या अडवून ठेवणाऱ्यांवर होता. काळाने त्यावर एक विलक्षण उत्तर लिहून ठेवले आहे. ज्या फ्रिअरसाहेबांनी १८६२ सालच्या पदवीदानाचे अध्यक्षपद भूषवले, त्यांच्याच कारकिर्दीत पुण्यास गणेशखिंडीत गव्हर्नरासाठी मोठा प्रासाद बांधायला सुरुवात झाली, आणि त्याच्या अफाट खर्चावर तेव्हा टीकाही झाली. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले ते त्याच प्रासादात आले. २०१४ साली त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. आज तेथून पदवी घेणाऱ्या प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावर, अंगावर शेणमातीचा मारा सोसत मुलींच्या शाळेत जाणाऱ्या त्या शिक्षिकेचे नाव असते. एकाही विद्यापीठाची पदवी नसलेल्या मास्तरणीचे!

जोतीरावांच्या प्रश्नाला काही पदवीधरांनी आपल्या परीने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर इतके गरीब की कॉलेजात असताना एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि पांग फिटतील, अशी आईची आशा असणार. पण आगरकरांनी तिला पत्र लिहून कळवले की पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून मी माझा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. सरकारी खुर्ची सोडून ही मंडळी फळ्यापुढे उभी राहिली. पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना, हा मध्ययुगातला विसरलेला अर्थ असा पुण्याच्या पेठेत पुन्हा जागा झाला.

धोंडो केशव कर्वे यांचेही तेच. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवीत चालत गेलेला आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठवलेला हा मुलगा पुढे बी. ए. झाला, प्राध्यापक झाला आणि १९१६ साली त्याने स्त्रियांसाठी वेगळे विद्यापीठच काढले. शिक्षण मातृभाषेतून आणि पदवीचे नाव 'गृहीतागमा', म्हणजे जिने विद्या आत्मसात केली ती. पदवी 'दिली' असे त्या नावात नाही. तिने ती घेतली आहे.

*

पदवीदानाचे सभागृह नेहमी शांत राहिले असे मात्र नाही. परक्या सत्तेचा गव्हर्नर हाच कुलपती असल्यामुळे केव्हातरी ठिणगी पडणारच होती. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्त्याच्या सिनेट हाऊसमध्ये गव्हर्नर सर स्टॅन्ली जॅक्सन भाषण करीत असता पदवीसाठी आलेल्या विद्यार्थिनींतून बीना दास उठली आणि तिने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. नेम चुकला. तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली. जिला त्या दिवशी पदवी मिळायची ती तुरुंगात गेली. पुढे २०१२ साली, ती हयात नसताना, विद्यापीठाने तिची पदवी दिली. मार्ग पटो वा न पटो, पण परक्या हाताने दिलेले दान घेताना एका मुलीच्या मनात काय पेटले असेल याचा विचार इतिहास वाचणाऱ्याला टाळता येत नाही. त्याच विद्यापीठात पाच वर्षांनी, १९३७ साली, पंचाहत्तर वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर उभे राहिले आणि पदवीदानाचे भाषण त्यांनी बंगालीत केले. इंग्रजी घुमत आलेल्या त्या सोहळ्यात आईची भाषा बोलली गेली. हाही एक प्रतिकारच होता, त्याला आवाज मात्र बंदुकीचा नव्हता.

आता शेवटचे उदाहरण. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. आज मॅट्रिकच्या निकालाचे कोणाला काय वाटणार? पण ज्यांना पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्यातला मुलगा ही परीक्षा पास झाला, हा त्या वस्तीचा पदवीदान समारंभच होता. त्या वेळी हाती पडलेल्या पुस्तकाचे पुढे १९५६ साली नागपुरात काय झाले, हे आपण जाणतो. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि राज्यघटना सिद्ध झाल्यानंतर ५ जून १९५२ रोजी त्याच कोलंबियाने आपल्या समारंभात त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आणि त्यांनी आपल्या पदव्यांचे केले काय? १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, ज्यांना कोणी शिकवत नव्हते त्यांना शिकवण्यासाठी. येथेही पुन्हा तोच जुना परवाना.

वाचकहो, आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. दान, शेवट की आरंभ? इतका इतिहास चाळल्यावर मला वाटते, आपल्याच जुन्या शब्दात उत्तर दडलेले आहे. 'समावर्तन' याचा अर्थ परत फिरणे. विद्या शिकून घरी परत येणे. सोडमुंजीत मामा बटूला अडवतो ते काशीच्या वाटेवर. तो म्हणतो, पुढे कोठे चाललास? मागे फीर, तुझी माणसे इकडे आहेत. भांडारकर रत्नागिरीला परतले, आगरकर पुण्याच्या शाळेत परतले, बाबासाहेब आपल्या माणसांत परतले. आनंदीबाईंनीही परतण्यासाठीच शिक्षण घेतले होते. कोणी गावी परततो, कोणी आपल्या भाषेकडे परततो, कोणी नुसते आईबापांच्या कष्टांकडे डोळे उघडून पाहू लागतो. परतण्याचे प्रकार अनेक आहेत.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बऱ्याच संस्थांनी काळा झगा टाकून देशी वेष आणि हातमागाचे उपरणे घेतले आहे. चांगलेच झाले, निदान घाम तरी कमी येईल. पण झगा असो वा उपरणे, कापड हे भाड्याचे असते आणि संध्याकाळी परत करायचे असते. या दिवाळीत ज्यांच्या घरी नवा पदवीधर फराळाला बसला असेल, त्यांनी त्याला एक चकली जास्त वाढावी, त्याचे तोंड भरून कौतुक करावे, आणि पाडव्याच्या दिवशी एकच काम सांगावे : शेजारच्या बिऱ्हाडातले जे पोर गणितात अडले असेल, त्याच्याजवळ तासभर बस. विद्यापीठाने तुला जे दिले आहे, त्याचा मूळ अर्थ तेवढाच आहे.